ताई, माझा आकडा बत्तीसच आहे

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर ठिपके पडतात; त्यांवरून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा, म्हणजे मॅप, काढायचा आणि त्यात प्रथिनाची साखळी बसवायची, हे या मुलीचं काम. तिच्या आकड्यांचा अर्थ उत्तरात येईलच. पत्र असं आहे:

"ताई, सप्रेम नमस्कार. मी इंदूरचीच, रामबागेत आजीबरोबर राहते. पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. माझं प्रथिन ३१० अमिनो आम्लांचं, त्यात मेथिओनिन सहा. मेथिओनिनमधल्या गंधकाच्या जागी सेलेनियम घातलेल्या स्फटिकाचा डेटा मी आपल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर घेतला, २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत. स्पेस ग्रुप पी-फोर-वन-टू-वन-टू. सॅड पद्धतीने, म्हणजे एकाच तरंगलांबीवरून, फेज काढल्या तेव्हा फिगर ऑफ मेरिट ०.३२ आली, फेझिंग पॉवर १.१ आणि कलिस आर ०.८७. डेन्सिटी मॉडिफिकेशननंतर फिगर ऑफ मेरिट एकदम ०.७१ झाली. सर म्हणाले, छान आहे, आता साखळी बांधायला घे. पण मॅप उघडला की नुसता पिंजलेला कापूस दिसतो. दोन महिने झाले, एक हेलिक्स, म्हणजे साखळीचं एक वेटोळं, धड बसत नाही. लॅबमधल्या एका मुलाची सुरुवातीलाच ०.४५ आली होती आणि त्याचं स्ट्रक्चर पंधरा दिवसांत झालं. आमच्या बोर्डात तेहतीसला पास करतात, माझे तर बत्तीसच आहेत. माझा डेटाच वाईट आहे का? की मलाच मॅप वाचता येत नाही? पुढच्या महिन्यात कमिटी आहे, तिथे काय सांगू?"

प्रिय रामबागकर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण तू आकडे नीट दिले आहेस. आधी तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं देते. तुझा डेटा वाईट आहे असं या आकड्यांवरून मला वाटत नाही. आणि मॅप तुला वाचता येतो; येतो म्हणूनच तो कापसासारखा आहे हे तुला दिसलं. घोळ तिसरीकडेच असावा. कुठे, ते सांगतेच, पण आधी या फिगर ऑफ मेरिटबद्दल नीट बोलायला हवं. तुझे दोन महिने त्या आकड्याने खाल्ले आहेत, आणि तू एकटी नाहीस, अनेकांचे खाल्ले आहेत.

तुमच्याकडे एकादशीचं भजन होतं ना, ते डोळ्यांपुढे आण. वीस जण टाळ घेऊन बसले आहेत. समज, एका यंत्राने त्या रात्रीची नोंद केली, पण एवढीच: प्रत्येकाचा टाळ किती जोरात वाजला. कधी वाजला, कुणाच्या आधी, कुणाच्या मागून, हे लिहिलंच नाही. त्या नोंदीवरून अभंग पुन्हा उभा राहील का? आपल्या डिटेक्टरचं नेमकं हेच होतं. ठिपक्याची तीव्रता मिळते, तिचं वर्गमूळ काढलं की लाटेचा जोर कळतो; पण ती लाट केव्हा वर आली आणि केव्हा खाली गेली, हे हरवतं. ते "केव्हा" म्हणजे फेज. पुस्तकी मराठीत तिला कला म्हणतात, आपण लॅबमध्ये बोलतो तसं फेजच म्हणू. आणि इलेक्ट्रॉनांच्या मॅपमध्ये जोरापेक्षा फेजच जास्त महत्त्वाची असते.

फिगर ऑफ मेरिटची कल्पना ब्लो आणि क्रिक यांनी १९५९ साली मांडली. क्रिक म्हणजे डीएनएवालेच. एका ठिपक्याची फेज म्हणजे ० ते ३६० मधला एक कोन. प्रोग्रामला तो नेमका कधीच माहीत नसतो. कोणत्या कोनाची शक्यता किती, एवढंच माहीत असतं. आता एका हलक्या थाळीच्या काठावर त्या शक्यता वजनांसारख्या ठेव. थाळीचा तोल ज्या दिशेला जातो ती तुझी "बेस्ट फेज", आणि तोलाचा बिंदू मध्यापासून जितका दूर, तितकी फिगर ऑफ मेरिट. सगळी वजनं एकाच जागी असली तर १, काठावर सारखी पसरलेली असली तर ०. हीच संख्या फेजमधल्या चुकीच्या कोसाइनची अपेक्षित सरासरीही असते. म्हणून ०.५ म्हणजे साधारण ६० अंशांची चूक, तुझे ०.३२ म्हणजे ७१ अंश, ०.७१ म्हणजे ४५ अंश. काहीच माहीत नसलं तर सरासरी चूक ९० अंश असते. मोजपट्टी तिथून सुरू होते.

पण "अपेक्षित" म्हणजे कुणाची अपेक्षा? प्रोग्रामची स्वतःची. खऱ्या फेज कुणालाच माहीत नाहीत, माहीत असत्या तर हा खटाटोप कशाला केला असता! इथे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच आहे. मोजमापातल्या चुका जितक्या आहेत असं तू त्याला सांगितलंस, त्यावरून तो स्वतःबद्दलची खात्री ठरवतो. डेटा प्रोसेस करताना सिग्मा, म्हणजे मोजमापातल्या चुकीचे अंदाज, खऱ्यापेक्षा कमी धरल्या गेल्या तर खात्री फुगते, जास्त धरल्या गेल्या तर पडते. डेटा तोच, स्फटिक तोच. तेहतीसला पास हा हिशेब म्हणूनच इथे लावता येत नाही. परीक्षेत मार्क देणारा दुसरा कुणीतरी असतो.

आता तुझ्या ०.३२ कडे बघू. सॅडमध्ये एकाच तरंगलांबीवरचा अनोमलस फरक, म्हणजे एरवी सारख्या असणाऱ्या दोन ठिपक्यांत सेलेनियममुळे पडणारा फरक, हाताशी असतो. त्यातून प्रत्येक ठिपक्यासाठी एक उत्तर निघत नाही, दोन निघतात, एका मधल्या दिशेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. त्यातलं एक बरोबर, दुसरं चूक. समज, ती दोन उत्तरं मधल्या दिशेपासून ७१ अंशांवर आहेत आणि दोन्ही अगदी काटेकोर आहेत. थाळीवर दोन सारखी वजनं ठेव, तोल मध्ये जाईल, आणि फिगर ऑफ मेरिट येईल ७१ अंशांचं कोसाइन, म्हणजे ०.३२ किंवा ०.३३. मापन उत्कृष्ट असूनही! म्हणून सॅडची सुरुवातीची फिगर ऑफ मेरिट ०.३ ते ०.४ च्या आसपास असणं हे रोजचं चित्र आहे. दोन दारांपैकी कोणतं उघडायचं हे अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दार निवडण्याची एक वाट आपल्याच लोकांनी फार आधी दाखवली होती. १९५६ साली जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी सुचवलं की जड अणूंवरून निघणाऱ्या फेजच्या जवळचं जे उत्तर, ते घ्यावं. मद्रासमध्ये, आजच्या मानाने हातात काहीही नसताना. आज प्रोग्राम हे शक्यतांच्या भाषेत आपोआप करतो, पण मला ते साल विसरवत नाही.

यातूनच एक कामाची गोष्ट निघते, ती आजच तपास. डेन्सिटी मॉडिफिकेशनच्या प्रोग्रामला तू काय खायला घातलंस? नुसती बेस्ट फेज आणि फिगर ऑफ मेरिट दिली असशील तर दोन शिखरांची माहिती तिथेच मेली; प्रोग्रामला वाटतं एकच शिखर आहे, मधोमध, पसरट. १९७० सालचे हेन्ड्रिक्सन-लॅटमन सहगुणक, ए, बी, सी, डी हे चार रकाने, नेमके याचसाठी आहेत. त्यांत दोन्ही शिखरं जपून ठेवता येतात. फाइल जोडताना ते चारही रकाने गेले आहेत ना, बघ. मी पाहिलेल्या निम्म्या अडचणी असल्या रकान्यांत होत्या.

आता ०.७१. मला खरी काळजी या आकड्याची वाटते.

डेन्सिटी मॉडिफिकेशनची मूळ युक्ती साधी आणि सुंदर आहे. स्फटिकाचा जवळपास अर्धा भाग पाणी असतो, आणि पाण्यात इलेक्ट्रॉनांची घनता सपाट असायला हवी. मॅपमध्ये तिथे उंचवटे दिसत असतील तर ते फेजच्या चुकांमुळे. ते सपाट कर, त्या मॅपवरून फेज पुन्हा काढ, जुन्यांशी जोड, पुन्हा मॅप. बी. सी. वांग यांनी १९८५ मध्ये ही रीत सॅडसारख्या डेटासाठी चालवून दाखवली, आणि दोन दारांतलं बरोबर दार उघडणं हे तिचं मोठं काम. पाणी ६५-७० टक्के असेल तर ती चमत्कार करते, ३५ टक्के असेल तर तिचा हात फारसा पोचत नाही.

पण जोडताना काय होतं ते बघ. नव्या फेज जुन्या मॅपमधूनच आल्या, तरी जोडताना त्यांना स्वतंत्र साक्षीदार धरलं जातं. एकाच माणसाला कोट बदलून दुसऱ्यांदा साक्षीला उभं करायचं आणि म्हणायचं, दोघं एकच सांगतात, तेव्हा खरंच असणार. प्रत्येक फेरीत खात्री वाढते. वीस-तीस फेऱ्यांनंतर प्रोग्राम स्वतःवर भलताच खूश असतो. पुढे यावर उपाय निघाले, नवे सांख्यिकी प्रोग्राम हा फुगवटा बराच आवरतात, पण तो पुरता जात नाही. म्हणून मॉडिफिकेशननंतरची फिगर ऑफ मेरिट ही माझ्या लेखी फेज चांगल्या असल्याचा पुरावा नाही. ०.३२ वरून ०.७१ झाली यावरून एवढंच कळतं की प्रोग्राम चालला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एका प्रथिनाचे तीन महिने मी अशाच मॅपमध्ये घालवले. मॉडिफिकेशननंतरची फिगर ऑफ मेरिट ०.६८ होती, माझे वरिष्ठ समाधानी होते. मी रोज सकाळी तुकडा बसवायची आणि संध्याकाळी उचकटायची. शेवटी कळलं की सेलेनियमची मांडणी आरशातली होती. बरोबर हात, म्हणजे आरशातली नव्हे तर खरी मांडणी, घेतला आणि त्याच दिवशी दुपारी हेलिक्स समोर उभे राहिले. चुकीच्या हाताला ०.६८ आणि बरोबर हाताला ०.७३, दोघांत अंतर एवढंच होतं. ती दुपार मला आजही लख्ख आठवते, आणि ते तीन महिनेही.

तुझ्याही बाबतीत मला हाच संशय आहे.

सेलेनियमच्या जागा आपण शोधतो त्या फरकांच्या आकारावरून. त्या आकारांना मूळ मांडणी आणि तिचं आरशातलं रूप दोन्ही सारखेच पटतात. म्हणून सॅडनंतर दोन्ही हातांची फिगर ऑफ मेरिट सारखीच येते, तुझे ०.३२ उलट्या हातालाही ०.३२ च येतील. फरक पडतो मॅपमध्ये: चुकीच्या हाताचा सॅड मॅप म्हणजे बरोबर मॅपचं आरशातलं चित्रही नसतो, तो नुसता गोंगाट असतो. तुझ्या शब्दांत, पिंजलेला कापूस. त्यात तुझा स्पेस ग्रुप, म्हणजे स्फटिकातल्या सममितीचा प्रकार, पी-फोर-वन-टू-वन-टू. चार-एकचा अक्ष म्हणजे एका बाजूच्या आट्यांचा स्क्रू. आरशात धरला की आटे उलटे होतात आणि तो चार-तीन होतो. त्यामुळे नुसत्या जागा उलटवून भागत नाही, स्पेस ग्रुपही पी-फोर-थ्री-टू-वन-टू करावा लागतो. सममितीमुळे जे ठिपके पडतच नाहीत त्या गैरहजर ठिपक्यांवरून या दोघांतला फरक कळत नाही, दोघांचे गैरहजर ठिपके तेच. डेटा प्रोसेस करताना प्रोग्रामने यातला पहिला लिहिला, तो तसाच पुढे आला आणि कुणी दुसरा करून पाहिला नाही, हे फार वेळा होतं. तुझ्या पत्रात उलट्या हाताचा उल्लेख नाही म्हणून विचारते: केला होतास का? अक्षाच्या बदलासकट?

नसेल तर आज रात्रीच दोन्ही चालव. पाण्याचं प्रमाण, फेऱ्या, सगळं सारखं ठेव. मग दोन्ही मॅप एकाच पातळीवर, १.५ सिग्माला (इथे सिग्मा म्हणजे मॅपमधल्या चढउताराचं माप), शेजारी-शेजारी उघड आणि आकडे बघण्याआधी चित्र बघ. पाण्याचा भाग आणि प्रथिनाचा भाग यांत काठ दिसतो का? नदीच्या दोन तीरांसारखा काठ दिसायला हवा. मग सरळ दांडे शोध. २.८ ला हेलिक्स दांड्यासारखा दिसतो, बाजूच्या साखळ्यांचे कोंब दांड्याच्या एकाच टोकाकडे झुकलेले असतात, आणि तो उजव्या वळणाचा हवा. हे दिसल्यावर शेलएक्स-ई हा फेज सुधारणारा प्रोग्राम वापरत असशील तर त्यातला कॉन्ट्रास्ट आणि बांधलेल्या साखळीचा कोरिलेशन, म्हणजे डेटाशी जुळणी, बघ. साखळीचा कोरिलेशन २५ टक्क्यांच्या वर गेला की स्ट्रक्चर सुटलं असं मानतात, पण ते २.५ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून चांगल्या डेटाला जास्त लागू पडतं. तुझ्या २.८ ला २५ च्या जवळपासचा आकडा एकट्याने पुरावा धरू नकोस. दोन हातांमधलं अंतर किती आहे ते बघ.

दोन्ही मॅप कापसाचेच निघाले तर मात्र एक पायरी मागे जायचं, सेलेनियमच्या जागांकडे. तिथे बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते लोक बघत नाहीत. शेलएक्स-सी या डेटा तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या तक्त्यात अनोमलस फरक भागिले सिग्मा असा एक रकाना असतो. नुसता गोंगाट असला तरी तिथे शून्य येत नाही, साधारण ०.८ येतं, कारण गोंगाटाचंही निरपेक्ष मूल्य घेतलं की सरासरी तेवढीच भरते. ज्या थरात, म्हणजे रिझोल्यूशनच्या टप्प्यात, आकडा ०.८ ला टेकला, तिथे सिग्नल संपला. किंवा अनोमलस कोरिलेशन बघ, तो ३० टक्क्यांखाली गेला की जागा शोधण्यासाठी डेटा तिथेच काप. तुझ्या डेटाचा सिग्नल बहुधा ३.४-३.५ ला संपत असेल. त्यात लाज काही नाही. जागा ३.४ वर शोधायच्या आणि फेज मॉडिफिकेशनमध्ये हळूहळू २.८ पर्यंत न्यायच्या. २.८ पर्यंत सगळा गोंगाट भरून जागा शोधत बसलीस तर शोध भरकटतो.

मग शेलएक्स-डी या जागा शोधणाऱ्या प्रोग्रामच्या उत्तरांत सगळ्या ठिपक्यांचा कोरिलेशन ३० च्या वर आणि कमजोर ठिपक्यांचा १५ च्या वर असावा, असा ढोबळ नियम. मला त्याहून खात्रीचं वाटतं ते दुसरंच. हजार प्रयत्नांत बहुतेक उत्तरं एका ढिगात असतात आणि खरी उत्तरं त्या ढिगापासून फुटून वेगळी पडतात. फट दिसली की जीव शांत होतो. आणि जागांच्या ऑक्युपन्सी, म्हणजे प्रत्येक जागा किती भरलेली आहे ते आकडे, उतरत्या क्रमाने वाच. सहा मेथिओनिन असतील तर पाचव्या-सहाव्या जागेनंतर आकडा एकदम कोसळायला हवा, म्हणजे ०.७ वरून ०.३ ला. जिन्याच्या पायऱ्यांसारखा हळूहळू उतरत गेला तर त्या जागांवर माझा विश्वास बसणार नाही.

तुझ्याकडे सिग्नल असायला हवा, हे मी हिशेबाने सांगते. ३१० अमिनो आम्लं म्हणजे हायड्रोजन सोडून २,४०० च्या आसपास अणू, सहा सेलेनियम, आणि सेलेनियमच्या शोषणाच्या कडेच्या, म्हणजे जिथे तो क्ष-किरण एकदम जास्त शोषतो त्या ऊर्जेच्या, किंचित वर, साधारण १२.६६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, प्रत्येकाचा अनोमलस वाटा ४ इलेक्ट्रॉन धरला तर त्या दोन ठिपक्यांच्या, म्हणजे फ्रीडेल जोडीतला, सरासरी फरक ४ टक्क्यांच्या जवळ येतो. १९८१ साली हेन्ड्रिक्सन आणि टीटर यांनी क्रॅम्बिन हे छोटं प्रथिन नुसत्या गंधकावर सोडवलं होतं, तेही तांब्याच्या किरणांवर, जिथे गंधकाचा वाटा एका इलेक्ट्रॉनचाही नाही. त्यामानाने तुझा ४ टक्के दणदणीत आहे. सुखनिवासच्या रिंगमध्ये, म्हणजे इंडस-२ मध्ये, प्रथिनांसाठीच्या बीमलाइनवर ५ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जा मिळते, सेलेनियमची कड त्यात आरामात बसते. आपल्या गावात हे होतं याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या वेळी स्फटिक थर्मासमध्ये घालून परदेशी जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावे लागायचे.

फेझिंग पॉवर आणि कलिस आर यांच्याबद्दल थोडक्यात. फेझिंग पॉवर म्हणजे जड अणूंचा सिग्नल भागिले त्रिकोण न जुळण्याची चूक, म्हणजे हिशेबातला आणि मोजलेला जोर यांतलं अंतर. १ च्या वर असली की सिग्नल चुकीपेक्षा मोठा. कलिस आर म्हणजे साधारण याच्या उलटं गुणोत्तर. तो १९६१ च्या हिमोग्लोबिनच्या कामातून आला, तेव्हा तो आयसोमॉर्फस डेटातल्या (जड अणू असलेला आणि नसलेला स्फटिक यांच्या तुलनेतल्या) सेंट्रिक ठिपक्यांसाठी, म्हणजे ज्यांची फेज दोनच किमतींपैकी एक असते अशांसाठी, होता आणि तिथे ०.६ च्या आत आला तर उत्तम मानत. सेंट्रिक ठिपक्यांना अनोमलस फरकच नसतो, म्हणून ती ०.६ ची फूटपट्टी तुझ्या डेटाला लावायची नाही. अनोमलसमध्ये १ च्या खाली म्हणजे काहीतरी आहे, तुझा ०.८७ ठीक आहे. दोन्हींच्या व्याख्या प्रोग्रामगणिक बदलतात, तेव्हा एका प्रोग्रामचा १.१ दुसऱ्याच्या १.६ शेजारी ठेवू नकोस.

आणि त्या मुलाचे ०.४५. त्याने डेटा कुठे कापला, विचारलंस का? फिगर ऑफ मेरिट कमी रिझोल्यूशनच्या थरांत जास्त असते आणि बाहेर जाताना घसरते. तू तुझा डेटा ३.५ ला कापलास तर तुझीही एकूण सरासरी वर जाईल, एकही फेज न सुधारता. त्याची सरासरी सगळ्या ठिपक्यांची आहे की फक्त असेंट्रिक, म्हणजे सेंट्रिक सोडून उरलेल्यांची? तुझ्या स्पेस ग्रुपमध्ये सेंट्रिक ठिपके बरेच, आणि सॅडमध्ये ते सरासरी खाली ओढतात. प्रोग्राम तोच होता का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ०.४५ आणि ०.३२ यांत कोण पुढे हे सांगताच येत नाही. त्याचं स्ट्रक्चर झालं, त्याचं मनापासून अभिनंदन कर. तुझ्या डेटाबद्दल त्यातून काही ठरत नाही.

एक वाट अजून आहे, ती मी तुझ्या जागी असते तर कमिटीच्या आधी चाललेच असते. २०२१ पासून अल्फाफोल्डचे, म्हणजे क्रमावरून रचना सांगणाऱ्या प्रोग्रामचे, अंदाज सगळ्यांना मिळतात. तुझ्या क्रमाचा अंदाज घे, त्याचे कमी भरवशाचे तुकडे कापून टाक आणि फेझर या प्रोग्राममध्ये मॉलेक्युलर रिप्लेसमेंट कर, म्हणजे तो अंदाज स्फटिकात बसवून फेज काढ, दोन्ही स्पेस ग्रुपमध्ये. ट्रान्सलेशनचा झेड स्कोअर, म्हणजे मॉडेल योग्य जागी बसल्याची खात्री, एकात ८ च्या वर आणि दुसऱ्यात ५-६ ला रेंगाळला तर अक्ष कोणता, हा प्रश्नच मिटला. पण इथेही तोच सापळा आहे: फेज मॉडेलमधून आल्या की मॅप तुला मॉडेलच दाखवतो, तिथली फिगर ऑफ मेरिट तर आणखी खुशामतखोर. म्हणून त्या फेज वापरून अनोमलस डिफरन्स मॅप काढ. मॉडेलला सेलेनियमबद्दल काहीच माहिती नाही. तरीही मेथिओनिनच्या टोकांवर उंच शिखरं उभी राहिली, तर मॉडेलने आणि डेटाने एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगितली. हे खरे दोन साक्षीदार. ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये आर-फ्री आणला, तो याच विचाराने. काही ठिपके बाजूला काढून ठेवायचे, म्हणजे मॉडेलला न दाखवलेला कुणीतरी साक्षीला उरतो.

कमिटीबद्दल. तक्त्यात दोन्ही फिगर ऑफ मेरिट लिही, आणि प्रत्येकीपुढे लिही की ती कोणत्या पायरीनंतरची, किती अँगस्ट्रॉमपर्यंतची, किती ठिपक्यांवरची. नुसता ०.७१ लिहू नकोस, कुणी सांगितलं तरी. सोबत थरवार तक्ता आणि दोन्ही हातांच्या मॅपची चित्रं लाव. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने "या हाताचा मॅप वाचता येत नाही, म्हणून मी हे, हे आणि हे तपासलं" असं म्हटलं तर जाणता परीक्षक ते काम म्हणूनच मोजेल.

सरांशी बोलताना आकड्यावर वाद घालू नकोस. "सर, दोन्ही मॅप लावून ठेवलेत, दहा मिनिटं बघाल का?" एवढंच म्हण. ज्यांनी मॅप वाचण्यात आयुष्य घालवलं त्यांना चित्र पुढे ठेवलं की आकडा आपोआप मागे पडतो. त्यांनी ०.७१ ला छान म्हटलं ते बहुधा मॅप न उघडता, गडबडीत. ते मनात ठेवू नकोस.

बरोबर हात मिळाला आणि साखळी बांधायला घेतलीस की सेलेनियमच्या जागा खुंट्यांसारख्या वापर. क्रमातलं मेथिओनिन जिथे येतं तिथेच शिखर आलं पाहिजे. दोन खुंट्यांमधली अमिनो आम्लं मोजली की साखळी एका घराने सरकली आहे का तेही कळतं. आणि पाचच जागा मिळाल्या तर सहावी शोधत बसू नकोस. पहिलं मेथिओनिन साखळीच्या सुट्या टोकाला असतं, बहुतेकदा हलत राहतं आणि दिसत नाही. तुझ्या क्रमात दुसऱ्या जागी ग्लायसिन, ॲलानिन किंवा सेरिन असेल, तर ई. कोलायने, म्हणजे प्रथिन बनवून देणाऱ्या जीवाणूने, ते कापूनही टाकलेलं असेल.

तुझी,
ताई